वैष्णवीचं रीडिंग

८ जानेवारी, गुरुवार
आज हात उचलला. समासात लाल शाईनं ‘हा.उ.’ लिहिलं. दिवाळीनंतरचं पहिलंच. वाटलं होतं, सुटली सवय.

बारावी सायन्स, ब बॅच. जर्नलवर सह्या करायचा शेवटचा आठवडा. सोनोमीटर. लाकडी पेटीवर ताणलेली तार, टोकाला चार किलो वजन. २५६ चा नादकाटा वाजवून पेटीवर टेकवायचा, तारेखालचे दोन ब्रिज पुढंमागं सरकवायचे. तारेवरचा कागदाचा तुकडा उडून पडला की दोन ब्रिजमधलं अंतर मोजायचं. त्याची दुप्पट म्हणजे तरंगलांबी. अंतर सव्वीस सेंटिमीटर, तरंगलांबी बावन्न. एकोणतीस वर्षं शिकवतेय, झोपेतून उठवलं तरी सांगेन.

वैष्णवीच्या जर्नलमध्ये अंतर १९.६. लॅम्डा ३९.२.

“हे काय आहे?”
“रीडिंग हाय मॅडम.”
“सगळ्यांना सव्वीस येतं आणि तुलाच बरं एकोणीस येतं!”
“मी चार येळा केलं. दर येळेला तेवढंच येतंय. तुमीच एकदा करून बघा ना. आनि मॅडम, ही तार...”

पुढचं मी ऐकलंच नाही. ‘तुमीच करून बघा’ एवढं डोक्यात गेलं आणि तळपायाची आग मस्तकात. उजवा हात, सगळ्या ताकदीनिशी, तिच्या डाव्या कानावर.  तिच्या हातातला नादकाटा फरशीवर पडून वाजत राहिला.

रडली नाही. नुसती बघत राहिली. त्याचा जास्त राग आला. जर्नल भिरकावलं आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. सही नाही तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही, तिला माहीत आहे. मलाही.

तळहात अजून झिणझिणतोय.

९ जाने., शुक्र.
मीच प्राचार्यांना सांगून वै.च्या वडिलांना बोलावून घेतलं. ऊस आणि टोमॅटोचं रान आहे त्यांचं, देवळालीच्या पुढं. रानातूनच आले, पायाला माती.

प्राचार्य म्हणाले, मुलगी उलट बोलते. वडील सरळ लॅबमध्ये आले, पायातली चप्पल काढली. पाठीवर, खांद्यावर, एक तोंडावर. सगळ्या बॅचसमोर. वै. टेबलाची कड धरून उभी. मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले.

“चुकलं मॅडम आमचं. तुमी आनखी दोन द्या, आमची काय तक्रार न्हाई.”

इथं खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. पहिल्या दोनतीन फटक्यांपर्यंत मला बरं वाटत होतं. नंतर ‘बास’ म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं नाही.

ती ओढणी उचलायला वाकली तेव्हा डाव्या कानातून लालसर पाणी आलं. ओढणीच्या टोकानं पुसलं आणि वडिलांच्या मागं चालायला लागली.

११ जाने., रवि.
उपासनेला गेले. लक्ष नव्हतं. वै. काल आली नाही.

पप्पा आठवले. मिशनच्या शाळेत मास्तर. टेबलावर काळा रूळ असायचा. थोरल्या भावाचं बोट त्यांनीच मोडलं, नऊचा पाढा चुकला म्हणून. आणि ते वारले तेव्हा त्यांच्या हातचा मार खाल्लेली माणसं कुठून कुठून आली, ओक्साबोक्शी रडली. मला वाटायचं मारल्यानंच माणसं अशी रडतात आपल्यासाठी. लहान होते तेव्हा वाटायचं असं लिहिणार होते. पण परवापर्यंत वाटत होतं.

१२ जाने., सोम.
कॉलेज सुटल्यावर लॅबमध्ये एकटी थांबले. पोरीचं तोंड बंद करायचं या इराद्यानंच. सव्वीस काढून दाखवायचं.

चार किलो लावलं. नादकाटा वाजवला. ब्रिज सव्वीसवर ठेवले. कागद हलेना. पंचवीस, चोवीस, तेवीस. ढिम्म.  वीसला कागद थरथरला. आणखी सरकवलं. १९.६ ला उडून पडला.

पुन्हा केलं. पुन्हा १९.६. पाच वेळा.

मग तार नीट पाहिली. स्क्रू गेज लावलं. आमची तार ०.६ मिमीची. ही ०.८ ची. जगताप मामांना हाक मारली. लॅबचे शिपाई, माझ्याआधीपासून इथं.

“ही तार कुठली मामा?”
“दिवाळीत तुटली हुती ना. प्राचार्य साहेब म्हनले नवी पुढच्या वर्षी घिऊ. मग भाच्याच्या रानातनं आनली. टोमॅटो बांधत्यात ती.”
“मला सांगायचं नाही?”
“दोन बॅचा झाल्या मॅडम हिच्यावर. कुनालाच काय कळलं न्हाई. तुमालाबी न्हाई.”

हातात अर्धा किलोचं वजन होतं. फेकलं. मामांना लागलं नाही, कपाटाची काच गेली. मामा खराटा आणायला गेले.

सगळी जर्नलं काढली. प्रत्येकात सव्वीस. काहींनी शोभेला २५.९, २६.१ लिहिलंय. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून या वर्षीचं, त्याच्या आधीच्यावरून मागच्या वर्षीचं. मीसुद्धा टेबलाच्या काचेखालचा तक्ता बघूनच टिक करते. सगळ्यांच्या खोट्याला बरोबरची खूण, माझ्या सहीनिशी. खरं एकटीनं मोजलं. टोमॅटोवाल्याची पोरगी, तिनं तार बघताक्षणी ओळखली असणार. ‘ही तार’ म्हणाली आणि मी तिथंच तिच्या कानाखाली जाळ काढला.

शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

१३ जाने., मंगळ.
प्राचार्यांना सांगितलं. त्यांनी हात झटकले.
“बाहेरचा परीक्षक यायच्या आत तार बदलून घ्या. विषय संपला.”
“आणि मुलगी?”
“सही देऊन टाका तिला. खूश होईल.”

१४ जाने., बुध.
संक्रांत. संध्याकाळी स्कूटीवरून वै.च्या वस्तीवर गेले. जर्नल सोबत, सही केलेलं. त्या पानावर ‘रीडिंग अचूक’ असं लिहून.

ती ओट्यावर बसली होती, कानात कापसाचा बोळा. तिची आजी मोठ्या कौतुकानं सांगायला लागली, रोज लसूण तळून कोमट तेल घालते. वै.चा चेहरा सुजलेला. म्हणाली, रोज पहाटे पळायला जाते ते बंद आहे, पळलं की गरगरतं. पोलीस भरतीची तयारी चाललीय तिची. नोव्हेंबरात अठरा पूर्ण झाली. मला माहीतच नव्हतं. दोन वर्षं वर्गात आहे.

वडील टोमॅटोच्या मांडवाचे बांबू रचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पोरीचं बरोबर होतं, तार बदललेली होती, चूक माझी.

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं.
“म्हंजी पोरगी खरं बोलत हुती?”
“हो.”
“आनि म्या तिला...”

बांबू उचलला. खरंच माझ्यावर उचलला. मी डोळे मिटले, हललेही नाही. वाटलं, पडू दे. वै. मध्ये आली, बांबू दोन्ही हातांनी धरला आणि ओरडली, “बास! एकानं मारायचं, मग दुसऱ्यानं मारायचं! मला कुनी इचारलं व्हय?” बांबू हिसकून घेऊन त्यांनी माझ्या स्कूटीवर घातला. हेडलाइट, मडगार्ड, आरसे. घालतच राहिले. मग बांबू टाकून मातीत बसले आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायला लागले. आजीनं हात धरले.

वै.नं जर्नल घेतलं, पान उघडून पाहिलं, मिटलं. थँक्यू वगैरे काही नाही. का म्हणावं?

मी म्हटलं, उद्या नगरला कानाच्या डॉक्टरकडं जाऊ. खर्च माझा. वडील नाही म्हणाले नाहीत म्हणजे हो.

१५ जाने., गुरु.
नगर. वै., तिचे वडील, मी. एसटीत तिघं तीन सीटवर.

डॉक्टरबाई तरुण. त्यांनी नादकाटा काढला, कोपरावर आपटला, वै.च्या कपाळावर मध्यभागी टेकवला. मला वाटलं, आता माझ्याच प्रांतात आलो.
“कुठल्या कानात जास्त ऐकू येतंय?”
“डाव्या.”

मी मोठ्यानं म्हणाले, प्रभूची स्तुती असो! मारलेल्या कानात जास्त येतंय म्हणजे कान शाबूत. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, “उलट आहे. पडदा फाटला की हाडातून आलेला आवाज त्याच बाजूला मोठा वाटतो.” मग काटा कानासमोर धरला. “येतोय?” न्हाई. कानामागच्या हाडावर टेकवला. “आता?” व्हय, आता येतोय.

एकोणतीस वर्षं नादकाटा हातात. हे मला माहीत नव्हतं.

पडद्याला भोक. वर तेलामुळं आत पू झालाय. तेल कुणी घातलं म्हणून त्या ओरडल्या. सहा आठवडे औषध, कानात पाण्याचा थेंब नको. पुष्कळदा आपोआप भरतो. नाही भरला तर ऑपरेशन. भरतीचं विचारलं, तर म्हणाल्या, असा कान मेडिकलला पास होणार नाही.

“लागलं कसं?”
वडील: “न्हानीत घसरली.”
मी म्हणाले, “मी मारलं. मी तिची शिक्षिका.”

पेन थांबलं. मग त्यांनी तसंच लिहिलं. कागद वै.च्या हातात दिला आणि म्हणाल्या, तक्रार द्यायची का ते तू ठरव, तू सज्ञान आहेस.

येताना एसटीत राहुरी गेल्यावर वडील म्हणाले, “मॅडम, म्याबी मारलं हुतं की तोंडावर. कुनाच्या फटक्यानं फाटला कुनाला ठावं?” माझ्याकडं बघत नव्हते. मी वै.कडं पाहिलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “मॅडमच्या. तवापासनंच वाजतंय कानात.”

१९ जाने., सोम.
नगरच्या कागदाची बातमी संस्थेपर्यंत गेली. कशी कोण जाणे. दोन संचालक आणि प्राचार्य, मला मधोमध बसवून. पोरीचा कान गेला याचं कुणाला काही नाही.

म्हणे, बापानं चपलेनं मारलं, सगळी बॅच साक्षीला आहे. कान बापाच्या मारानं गेला. मॅडमनी फक्त समज दिली. असं लिहून द्या. नाही दिलंत तर निलंबन. सहा वर्षं राहिलीत तुमची, विचार करा.

खरं सांगायचं तर केला विचार. घरी येऊन कागद घेतला, ‘फक्त समज दिली’ असं लिहिलंसुद्धा. तीन शब्दांत सुटत होते. किती सोपं. मग टराटरा फाडलं, टेबलावरची बरणी भिंतीवर फोडली, आणि तुकडे गोळा करताना रडले. अर्धा तास तरी.

२१ जाने., बुध.
मामा पक्कड घेऊन लॅबमध्ये आले. तार कापायचा हुकूम. नवी आणलीय, ०.६ ची. आता बरी मिळाली.

मी आडवी आले. ती तार म्हणजे पोरीचा पुरावा. मामा म्हणाले, “माझ्या प्वाटावर पाय देऊ नका मॅडम.” मी पक्कड धरली. त्यांनी ओढली. मी त्यांचं मनगट चावले. हो, चावले. बावन्न आणि सत्तावन्न वर्षांची दोन माणसं, सोनोमीटरवर झोंबतायत. त्यात पक्कड तारेवर मिटली. तार ताणलेली, चार किलोनं. सुटून माझ्या हनुवटीवर फाटकन बसली. वजनं मामांच्या पायावर. दोघंही खाली.

तीन टाके. मामांचा अंगठा काळानिळा. सरकारी दवाखान्यात शेजारी बसलो होतो. म्हणाले, “पोरीला सांगा, तार म्या आनली हुती असं म्याबी सांगीन. इचारलं तर.” मी त्यांच्या मनगटाला आयोडीन लावलं.

तारेचे दोन्ही तुकडे माझ्या कपाटात आहेत.

२ फेब्रुवारी, सोम.
प्रॅक्टिकल परीक्षा. सोनोमीटरवर वै. नाही, दुसराच मुलगा आला. बाहेरचे परीक्षक म्हणाले, तक्ता द्या. मी म्हटलं, फाडला. “मग तपासायचं कसं?” म्हटलं, करून बघू. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मुलानं दोन ब्रिजमधलं अंतर हीच तरंगलांबी म्हणून लिहिली. नेहमीची चूक. उजवा हात शिवशिवला. पाठीमागं नेऊन डाव्या हातात घट्ट धरला, नखं रुतेपर्यंत. त्याला म्हणाले, दोन ब्रिजमध्ये तारेचा एकच फुगा आहे, आणि एक फुगा म्हणजे अर्धीच लाट. त्याला कळलं. इतक्या वर्षांत कितीजणांना या एका चुकीसाठी मारलं, मोजलं नाही.

वै.ला प्रकाशाचा प्रयोग आला. छान केला. तोंडी परीक्षेत सरांनी डाव्या बाजूनं विचारलं, तिनं मानच वळवली नाही. सर म्हणाले, लक्ष कुठंय? मी म्हणाले, सर, या बाजूनं या.

४ फेब्रु., बुध.
वै.ला लॅबमध्ये बोलावलं. निवेदन लिहून ठेवलं होतं. मी अमुक दिवशी, अमुक वेळी, उजव्या हातानं, डाव्या कानावर. वडिलांच्या मारानं नाही. कारण: तिचं रीडिंग बरोबर होतं. तार मी पाहिली नव्हती. खाली सही. म्हटलं, पोलिसांना दे, संस्थेला दे, काय करायचं ते कर.

तिनं सावकाश दोनदा वाचलं.
“मॅडम, हे दिलं तर तुमची नोकरी जाईल?”
“जाईल बहुतेक. केसही होईल.”

ती म्हणाली, “आत्ता देत न्हाई. पडदा भरला आनि मेडिकल निघालं, तर हे फाडून टाकीन. न्हाई भरला, तर देनार. मग रडू नका.”

एवढं बोलून निवेदनाची घडी घातली आणि बॅगेत ठेवली. अठराची मुलगी. माझ्याच्यानं असा सरळ हिशेब आयुष्यात झाला नाही.

१९ फेब्रु., गुरु.
लेखी परीक्षा चालू. वै. येते, पेपर देते, जाते. मला टाळत नाही, थांबतही नाही. कापसाचा बोळा रोज पांढरा, कोरडा. मी बघते तर काय दिसणार म्हणा. तरी बघते.

संस्थेचं स्मरणपत्र आलं, निवेदन सादर करा. दिलेलं नाही.

१ मार्च, रवि.
प्रभुभोजन. भाकरीचं ताट बाकावरून सरकत आलं. भावाशी बिघडलं असेल तर आधी ते मिटवून या, असं पाळकसाहेब दर महिन्याला म्हणतात. मी दर महिन्याला घेते. आज ताट पुढं सरकवलं. प्यालाही. शेजारची बाई कोपरानं ढोसायला लागली, घ्या की.

शेवटी प्रार्थनेचे विषय मागितले. मी उठून उभी राहिले. “एका मुलीच्या कानासाठी.” पाळकसाहेबांनी विचारलं, कोण मुलगी? “माझी विद्यार्थिनी. मी मारलं तिला.” कुणीतरी खोकलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. पडदा भरू दे, पडदा भरू दे. आणि मध्येच लक्षात आलं की मी तिचा कान मागतेय की माझी नोकरी, हे मला सांगता येत नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहे. देवाला कळत असेल. मला नाही.

घरी आले तर वै.चा फोन. तपासणी मंगळवारी, चार वाजता. वडिलांना उसाची तोड आलीय, ते येणार नाहीत.

“तुमी याल का मॅडम?”
म्हटलं, येईन.
“एसटीत माज्या उजव्या बाजूला बसा. डावीकडनं तुमी काय बोलता ते मला कळत न्हाई.”